साहेबांच्या डाव्या कानाशी

साहेब मोठे होते. कशात मोठे होते हे सांगायची वेळ कुणावर येत नसे. ज्याला ते ठाऊक नव्हतं, तो साहेबांच्या वाटेत कधी उभाच राहिला नसता. साहेब निघाले की त्यांच्याबरोबर सात माणसं निघायची. पुढे दोन अंगरक्षक, उजव्या हाताला सचिव, मागे पिशवीवाला, त्याच्याही मागे फोटोवाला, गाडीत इंजिन चालू ठेवून बसलेला चालक, आणि साहेबांच्या डाव्या खांद्यामागे दीड पावलावर तो.

त्याचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथंच राहिलं. सगळे त्याला कानमंत्री म्हणत. हे बारसं चालकानं केलेलं. "मंत्री येतात नि जातात, आपला कानमंत्री कायम," असं तो म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर स्टिअरिंग बडवायचा. कानमंत्री हसायचा नाही, रागावायचाही नाही. सव्वीस वर्षांत त्याचा चेहरा असा झाला होता की त्याच्याकडे पाहिलं तरी नजर त्याच्यावरून घसरून पुढच्या माणसावर जावी.

त्याचं काम असं. साहेब गर्दीत शिरले की समोरून माणसं यायची, हात पुढे करायची, नमस्कार करायची. साहेबांना त्यातलं कुणी आठवत नसे. आधीही आठवत नव्हतं. मोठ्या माणसांच्या डोक्यात जागा कमी असते, तिथं मोठ्याच गोष्टी राहतात. मग साहेबांची हनुवटी अगदी थोडी, बोटभर, डावीकडे वळायची. समोरच्याला वाटायचं, साहेब विचार करताहेत. तेवढ्यात मागून तीन गोष्टी साहेबांच्या कानात पडायच्या. नाव, नातं, खूण.

नाव म्हणजे नाव. नातं म्हणजे हा आपला कोण, कुणाचा कोण. आणि खूण म्हणजे त्या माणसाची अशी एक बारीक गोष्ट, जी परक्याला माहीत असायचं कारण नाही. सगळा खेळ खुणेचा होता. "जुने मास्तर. तुमच्या पहिल्या सभेला खुर्च्या लावल्या. गुडघा." आणि साहेब दोन्ही हातांनी मास्तरांचा हात धरून म्हणायचे, "मास्तर, गुडघा काय म्हणतोय?" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. एवढ्या मोठ्या माणसानं आपला गुडघा लक्षात ठेवला! मास्तर मरेपर्यंत साहेबांचे.

या खुणा तो गोळा करायचा. साहेब भाषण करत असताना तो गर्दीच्या कडेला उभा राहून लोकांशी बोलायचा, म्हणजे लोक बोलायचे आणि तो ऐकायचा. कुणाची मुलगी वकील झाली, कुणाचा भाऊ भांडून वेगळा झाला, कुणाला जिना चढताना धाप लागते. सगळं अरुंद, लांबट वह्यांत उतरायचं. अशा एकवीस वह्या भरल्या होत्या. त्या कचेरीत कुलुपात असत, पण तो उघडून क्वचितच पाहायचा. एकदा लिहिलं की त्याच्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसायचं. पाच-सहा हजार माणसं त्याच्या आत राहत होती, आणि एकाचीही त्याला ओळख नव्हती.

त्याची बायको घरीच शिवणकाम करायची. नवे कपडे नाही, दुरुस्तीचं काम. उसवलेलं शिवणं, सैल घट्ट करणं, आखूड लांब करणं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, आणि दाराबाहेर पुठ्ठ्याची पाटी: 'येथे कपडे दुरुस्त करून मिळतील'. भिंतीशी कपड्यांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठा कापडाच्या पट्टीनं बांधलेला. कुणाचा कुठला ते तिच्या डोक्यात.

मुलगी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. वर्तमानपत्रात बातमी आली होती, 'साहेबांचे लवाजम्यासह आगमन', आणि खाली फोटो. बायकोनं फोटो बारकाईनं पाहिला.

"यात तुम्ही कुठं?"

त्यानं बोट ठेवलं. साहेबांच्या खांद्यामागे एक कोपर दिसत होतं.

"हे तुम्ही?"

"हं."

"बाही मीच शिवलीय, म्हणून ओळखलं." मग ती म्हणाली, "पण लवाजमा म्हणजे नक्की काय हो?"

तो सांगू लागला, पण तिनं मुलीचा शब्दकोश आणून उघडलाही होता. ती बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागली. "लवाजमा. मोठ्या माणसाबरोबर चालणारी माणसं, घोडे, सामानसुमान, इत्यादी." तिनं चष्म्यावरून पाहिलं. "आता तुम्ही यातलं कुठलं? माणसं म्हणावं तर फोटोत कोपर आलंय. घोडा तुम्ही नाही. सामान पिशवीवाल्याकडे."

"मग इत्यादी," तो म्हणाला.

ती इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या गळून पडल्या. त्या वेचता वेचता मुलगीही हसत सुटली. पुढं कित्येक वर्षं बायको त्याला जेवायला अशीच हाक मारायची, "अहो इत्यादी, पानं वाढलीत."

त्याला मात्र त्या अर्थात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. गाडीतून जाताना तो चालकाला म्हणाला, "लवाजमा म्हणजे बरोबर चालणारी माणसं नव्हेत. साहेबांकडे जे नाही ते म्हणजे लवाजमा. त्यांना गाडी येत नाही, म्हणून तू. त्यांना छाती नाही, म्हणून पुढचे दोघं. त्यांना आठवत नाही, म्हणून मी."

"आणि पिशवीवाला?"

"त्यांना ओझं सोसत नाही."

चालकानं पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे सगळे उतरलो तर गाडीत उरतं काय रे?" आणि त्या दिवशी त्यानं स्टिअरिंग बडवलं नाही.

बायको आजारी पडली तेव्हा साहेबांच्या दौऱ्यांचा हंगाम होता. आधी थकवा, मग ताप, मग रक्ताच्या तपासण्या, आणि मग डॉक्टरांचं ते बोलणं, ज्यात प्रत्येक वाक्य 'आपण प्रयत्न करू' असं संपत होतं. मुलगी दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत नोकरीला होती; ती रजा काढून आली. दिवसा मुलगी आईजवळ बसायची. तो संध्याकाळी इस्पितळात जायचा, भेटीची वेळ संपता संपता. दरवाजावरचा शिपाई त्याला ओळखायचा, म्हणजे साहेबांच्या मागचा म्हणून ओळखायचा, आणि आत सोडायचा.

तो खाटेशी बसून विचारायचा, "कशी आहेस?"

ती म्हणायची, "आहे."

मग दोघं समोरच्या खाटेवरच्या बाईची सलाइनची बाटली बघत बसायचे.

एका संध्याकाळी ती बरीच हुशारीत होती. उशीला टेकून बसली होती. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. त्यानं विचारलं, "कशी आहेस?"

"ते रोजचं नका विचारू. आज निराळं काहीतरी करा."

"काय करू?"

"समजा, इथं साहेब आलेत. माझ्या खाटेसमोर उभे आहेत. हनुवटी वळवली त्यांनी. आता सांगा त्यांना. मी कोण?"

तो ओशाळून हसला. "अगं, काहीतरीच काय."

"सांगा ना. सबंध जिल्ह्याचं सांगता. माझं सांगा."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग खाली वाकून तिच्या कानाशी, खास साहेबांसाठी राखलेल्या त्या आवाजात, तिचं नाव सांगितलं. आपल्याच बायकोचं नाव उच्चारताना त्याला कसंतरीच झालं. कित्येक वर्षांत ते त्यानं मोठ्यानं म्हटलं नव्हतं. "नातं, बायको." आणि तो थांबला.

"खूण?" ती म्हणाली.

"शिवणकाम."

"ते तर पाटीवर लिहिलंय. ती कसली खूण? परक्याला माहीत नसेल ते सांगायचं. नियम तुमचाच."

तो आठवू लागला. तिला चहात साखर कमी लागते. ते मुलीलाही माहीत असेल, दुकानदारालाही असेल. ती टाचण्या तोंडात धरते. शिवणाऱ्या सगळ्याच बायका धरतात. तिचा कुठला दात दुखतो? ती कशाला भिते? तो आत आत शोधत गेला. वाटेत मास्तरांचा गुडघा लागला, वकील झालेली मुलगी लागली, धाप लागणारा तो जाडा गृहस्थ लागला. सगळे आपापल्या जागी नीट बसले होते. ती त्यांच्यात कुठंच नव्हती.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"बघा हं," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, उलट तिला मजाच वाटत असावी. "पण स्वतःचं स्वतः आठवायचं. लेकीला विचारायचं नाही."

"नाही विचारत."

"मी वाट बघते. इथं दुसरं कामच काय मला?"

तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांचा तीन दिवसांचा दौरा लागला. तो सचिवांकडे रजा मागायला गेला. आयुष्यात तिसऱ्यांदा.

सचिव कागदांतून मान वर न करता म्हणाले, "तीनच तर दिवस. मुलगी आहे ना तिथं?"

"आहे."

"मग? अहो, तुमच्याशिवाय साहेब म्हणजे... लोक समोर येतील आणि साहेब नुसते बघत राहतील. बरं दिसेल का ते?" मग त्यांना काहीतरी वाटलं असावं, त्यांनी पेन खाली ठेवलं. "दौरा झाला की आठवडाभर घ्या. मी सही करतो. मी स्वतः."

तो गेला. जाऊ नये असं त्याच्या मनात आलं का? आलं. पण ते त्यानं कुणाच्या कानात सांगितलं नाही, आणि न सांगितलेली गोष्ट त्याच्या लेखी झालेलीच नसायची. गाडीत तो डोळे मिटून खूण शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी उताराच्या रस्त्यावर त्याला एकदम काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती खिडकीतून बाहेर बघत काहीतरी करायची. काय करायची? ओठ दिसत होते. पुढचं दिसेना. तेवढ्यात गाव आलं, दार उघडलं, आणि साहेबांची हनुवटी वळली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका कारखान्याच्या फाटकाशी तो साहेबांना सांगत होता, "फोरमन. जुने कार्यकर्ते. हात मशीनमध्ये गेला होता." आणि त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन थरथरला. तो त्यानं फोरमनचा हात साहेबांच्या हातातून सुटेपर्यंत उचलला नाही. उचलला तेव्हा पलीकडे मुलगी होती. ती म्हणाली, "बाबा, आई गेली." मग म्हणाली, "सकाळपासून दोनदा विचारत होती, उद्या झाला का म्हणून. मला काही कळलं नाही कसला उद्या."

सगळं आटोपल्यावर पाचव्या दिवशी साहेब भेटायला आले.

साहेब आपल्या माणसांच्या दुःखात जात, हे प्रसिद्धच होतं. गल्लीच्या तोंडाशी गाड्या थांबल्या तेव्हा सगळे मजले खिडक्यांत आले. जिना अरुंद होता. अंगरक्षकांना आडवं होऊन चढावं लागलं, पिशवीवाला पहिल्या वळणावर अडकला, फोटोवाला त्याच्या पिशवीवरून वर आला. कानमंत्री बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. शेजारच्या खुर्चीवर मुलगी. कोपऱ्यात खालच्या मजल्यावरची इस्त्रीवाली मावशी चहाचे कप विसळत होती. भिंतीशी गठ्ठे तसेच.

साहेब दारात आले आणि थांबले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. आणि त्यांची हनुवटी बोटभर डावीकडे वळली.

त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला नेमायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. साहेब त्याच्याच घरी तर चालले होते. तिथं सांगायचं काय?

आपण उठलो कधी, हे त्याला नंतरही आठवलं नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तेवढा आठवतो. तो साहेबांना वळसा घालून त्यांच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला, दीड पावलावर. तिथून त्यानं आपली खोली पाहिली. दोन खुर्च्या, एकीवर मुलगी, एक रिकामी.

"मुलगी," तो म्हणाला. "प्रयोगशाळेत नोकरी. आईची फार लाडकी."

साहेब पुढे झाले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, प्रयोगशाळेतून रजा नीट मिळाली ना? काही अडचण असेल तर सांग. आईची फार लाडकी होतीस तू."

मुलगी साहेबांकडे बघत नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून मागे, बापाकडे बघत होती.

हनुवटी पुन्हा वळली. आता गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं होतं. त्यानं नाव सांगितलं. "बायको. शिवणकाम." हनुवटी तशीच राहिली. खूण यायची होती. साहेबांचा कान त्याच्या अगदी समोर होता; त्या कानावरचे तीन पांढरे केस त्याच्या ओळखीचे होते. तो आत शिरला. खिडकी. ओठ. आणि मग सव्वीस वर्षांची सवय, जी माणसाला थांबू देत नाही, तिनं हाताला लागेल ते उचललं.

"गायच्या," तो म्हणाला. "गळा गोड."

"काय गळा होता त्यांचा!" साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला, त्यात खोटं काही नव्हतं, साहेबांचा आवाज भरून यायचाच. "असा गळा शंभरात एखादीला मिळतो. हे घर आता मुकं झालं."

"आई गात नव्हती," मुलगी म्हणाली.

मावशीचा कप बशीवर वाजला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. साहेब मात्र क्षणभरही अडखळले नाहीत. "मनातल्या मनात गात असतील, बाळ," ते हळुवारपणे म्हणाले. "आपल्या माणसाचं सगळंच कुठं आपल्याला ऐकू येतं?"

निघताना साहेब दाराशी वळले. त्यांना त्याच्याशीही बोलायचं होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड अर्धवट उघडलं, आणि हनुवटी डावीकडे वळली. तिथं कुणी नव्हतं. तो समोर होता. साहेब तसेच थोडा वेळ थांबले, चष्मा विसरलेल्या माणसासारखे. मग म्हणाले, "सोमवारी या," आणि जिना उतरू लागले.

गाड्या गेल्या. मुलीनं दार लावून घेतलं.

"बाबा, कोण गात होतं?"

तो खुर्चीवर बसला. खोटं बोलावं असं त्याला वाटलंही नाही. "चौदाव्या वहीतली बाई. पोस्टमास्तरांची बायको. तीही गेली, तीन वर्षं झाली."

मुलगी हसली. ते हसणं ऐकून मावशीनं पदर तोंडाला लावला. "म्हणजे तिचं उरलेलं आईला दिलंत," मुलगी म्हणाली. "दुसऱ्याच्या अंगावरचं काढून. तेही मापाचं नव्हतं."

"मला दुसरं काही सापडलं नाही."

"तीस वर्षांत?"

तो म्हणाला, "तूच सांग. तुला माहीत असेल. एक सांग."

"नाही सांगणार." तिचे डोळे कोरडे होते. "पाठ करून घ्याल. आणि मग ती सगळ्यांसारखी तुमच्या डोक्यात जाऊन बसेल, रांगेत."

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं येऊ लागली. दुःखाच्या घरी कसं मागायचं म्हणून पाच दिवस थांबली होती. पण कुणाची एकच विजार होती, कुणाला लग्नाला जायचं होतं. ती दारात उभी राहायची, आधी दोन शब्द बोलायची, मग नजर गठ्ठ्यांकडे जायची. तेवीस गठ्ठे होते. एकावरही नाव नव्हतं. तिनं काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

बसचा कंडक्टर आला. त्याला पाहताच कानमंत्र्याच्या आत तीन गोष्टी आपोआप उभ्या राहिल्या: नाव, साहेबांच्या युनियनचा माणूस, मुलगी वकील. पण त्याची विजार कुठली, हे त्याला सांगता येईना. त्यानं दोन-तीन गठ्ठे सोडून दाखवले.

"ही माझी," कंडक्टर म्हणाला. "डावा पाय बघा, अर्ध्या बोटानं आखूड केलाय. माझा डावा पायच आखूड आहे तेवढा. आयुष्यभर कुणाला कळलं नाही, घरच्यांनासुद्धा. तुमच्या मिसेसनी पहिल्याच दिवशी विचारलं, मी जिना चढताना पावलांचा आवाज ऐकून." त्यानं विजारीची घडी छातीशी धरली. "कुणाला बोलल्या मात्र नाहीत. तुम्हालाही नाही ना?"

"नाही," तो म्हणाला.

बँकेतली बाई आली. तिच्या ब्लाउजचा एक खांदा आतून जाड केलेला होता. लहानपणी हाड मोडलं होतं. शाळेची शिपाईण आली. तिच्या कोटाला आतून एक खिसा होता, नवऱ्याला न सापडणारा. एकेक गठ्ठा सुटत होता आणि एकेक माणूस त्याला निराळंच दिसत होतं. ज्यांच्या खुणा त्यानं सांगून सांगून झिजवल्या होत्या, त्यांच्या खऱ्या खुणा इथं भिंतीशी, शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या होत्या. त्या गोळा करणारी कुणाच्या कानाला लागली नव्हती.

दुपारी मावशी जेवणाचा डबा घेऊन वर आली. गठ्ठे आवरता आवरता म्हणाली, "कालपासून सांगावं म्हणत होते. लेक रागात होती, म्हणून गप्प बसले. गात नव्हत्या वहिनी, खरंय. पण शीळ घालायच्या."

"शीळ? ही?"

"ही म्हणजे? पुरुषाला जमणार नाही अशी! मशीन चालवताना. अख्ख्या जिन्याला ऐकू यायची. मी खाली इस्त्री त्या तालावर फिरवायची, एकदा सदरा जाळला त्या नादात."

तो मशीनकडे बघत राहिला. खिडकीतले ते ओठ आता पूर्ण दिसले. गोल, पुढे काढलेले. "मी कधी ऐकली नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

"कशी ऐकणार? तुमची गाडी कोपऱ्यावर वळली की बंद. मी एकदा विचारलं, का हो, नवरा ओरडतो का? तर म्हणाल्या, छे, ओरडायला ते बोलतात कुठं. ह्यांचे कान दिवसभर लोकांनी भरलेले असतात, घरी तरी जरा रिकामे राहू देत."

त्यानं डबा तसाच बाजूला ठेवला. मग विचारलं, "कुठली शीळ? म्हणजे, चाल कुठली?"

मावशीनं प्रयत्न केला. तिला पुढचे दात नव्हते. नुसती फुंकर आली. ती ओशाळली आणि उठून गेली.

त्यानंतर जो येईल त्याला तो गठ्ठ्याआधी शिळेबद्दल विचारू लागला. सगळ्यांनी ऐकली होती. दूधवाल्यानं घालून दाखवली, समोरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं घालून दाखवली. दोघांची एकमेकांशी जुळेना. म्हातारा म्हणाला, त्यांचा शेवट वर जायचा; दूधवाला म्हणाला, वर नाही, मध्येच सोडून द्यायच्या, टाचण्या लावायची वेळ आली की. सोमवारी सचिवांचा फोन आला. गाडी पाठवू का, असं ते विचारत होते. "अजून नऊ गठ्ठे राहिलेत," तो म्हणाला. "कसले गठ्ठे?" सचिवांनी विचारलं. त्यानं फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी मुलगी परत जायला निघाली. रजा संपली होती. तिनं बॅग जिन्यात ठेवली, चपला घातल्या. ती त्याच्याशी चार दिवसांत कामापुरतंच बोलली होती.

"पोचल्यावर फोन करते."

"कर."

ती दोन पायऱ्या उतरली, तेव्हा तो दारातून म्हणाला, "तुला येते ना ती? आईची?"

ती वळली नाही. "मावशीनं सांगितलं तर."

"मी लिहून नाही घेणार. नुसती ऐकेन."

ती तशीच पाठमोरी उभी राहिली. खाली मावशीच्या इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. मग ती वळली, जिन्याच्या कठड्याला टेकली आणि तिनं ओठ जुळवले. तो एक पाऊल पुढे आला. ओठांतून हवा आली, नुसती हवा. तिनं ते पुसले, जीभ फिरवली, पुन्हा जुळवले. ते थरथरत होते. गोल राहतच नव्हते.

"नाही जमत, बाबा," ती म्हणाली. "रडताना शीळ येत नाही."

त्यानं मान हलवली. तिची बॅग उचलली आणि तिच्यापुढे जिना उतरू लागला.